गोचिडीचे पाय

दोन प्रकारच्या गोचिडी असलेला कळप सरकारी कुरणात सोडायचा नाही, असा नियम संस्थानचे पशुवैद्य भानुशास्त्री यांनी काढला होता. त्यापायी ठकूबाई धनगरणीच्या उपाशी मेंढ्या आज तिसऱ्यांदा फाटकावर अडल्या.

शास्त्र्यांनी भिंगातून पुन्हा पाय मोजले. “मोठीला आठ, बारकीला सहा. प्रकार दोन.”

“अहो, बारकी म्हणजे तिचंच पोर. वाढलं की आणखी दोन पाय फुटतात. किती वेळा सांगू?”

“पाय वेगळे, तर प्राणी वेगळा. माझ्या ग्रंथात तसंच आहे.”

ठकूबाईने कपाळाला हात लावला. “शास्त्रीबुवा, तुमच्या नातवाला दात किती?”

“एकही नाही. चार महिन्यांचा तर आहे.”

“आणि तुम्हाला तोंडभर. मग तो माणसाचा नव्हे, एवढं घरी सूनबाईंना सांगून या. तोवर मी थांबते.”

शास्त्र्यांना सूनबाई ठाऊक होत्या. त्यांनी स्वतःच फाटक उघडलं.