चालत गेलेली माळ

विषय : श्री. माधव यशवंत सरंजामे, निवृत्त अधीक्षक अभियंता, यांना शिष्य करून घेण्याबाबत.

संदर्भ : अर्जदाराचा समक्ष दिलेला अर्ज, सोबत शंखांची माळ, नग एक. (सदर माळ चालत गेल्यामुळे आता उपलब्ध नाही.)

उपरोक्त विषयी वस्तुस्थिती अशी :

“…पण शंखाला विचारायचं तरी काय?” सरंजामेसाहेबांनी विचारलं.

“घरात कुणी हाय का, असं इचारायचं,” चिमुरडी जुलेखा म्हणाली.

“आणि तो उत्तर देतो?”

“आत असला तर देतो. नसला तर कसा देईल?”

साहेबांना हा मुद्दा खोडता आला नाही, म्हणून ते हसले.

ओहोटी लागली होती. कोंडवेळच्या किनाऱ्यावर गावातली पोरं वाकून शंखशिंपले वेचत होती. विश्रामबुवा एका खडकावर पाय सोडून बसले होते. दर रविवारी ही पोरं बुवांच्या मठात जमतात. मठ म्हणजे दोन खोल्या, एक पडवी आणि बुवा. वर्षातून एकदा सगळी वरात समुद्रावर जाते, आणि परत येऊन माळा, बांगड्या, कानातली करत बसते. मी मठाचा पत्रव्यवहार बघतो. पत्रं फारशी येत नाहीत. सवय मात्र जात नाही.

साहेब आदल्या दिवशी आले होते. फाटकातून हाक न मारता, बूट न काढता, थेट पडवीत. हातात टंकलिखित अर्ज. शिष्य करून घ्या म्हणून लेखी मागणी करणारे हे पहिलेच. ‘पूर्वानुभव’ या मथळ्याखाली आधीच्या तीन गुरूंची नावं होती. तिघांनाही साहेबांनी नापास केलं होतं.

बुवांनी अर्ज वाचला. उलटा करून मागची बाजूही बघितली.

“काय हवंय?”

“अहंकार घालवायचा आहे. आता तेवढाच राहिलाय. बाकी सगळं झालं.”

“उद्या पोरं माळा करणार आहेत. तुम्ही एक करा.”

“…माळ?”

“पोरांबरोबर.”

“बुवा, मी धरण बांधलंय.”

“मग माळ जमेल.”

तर असे साहेब आता किनाऱ्यावर, विजारीच्या घड्या नीट दुमडून, शंख शोधत होते.

कोंडवेळच्या पोरांची रीत अशी. शंख सापडला की तळहातावर घ्यायचा, तोंड वर करून. त्याच्या तोंडाशी आपलं तोंड न्यायचं. हळूच ऊब सोडायची आणि विचारायचं, घरात कुणी हाय का? मग थांबायचं. रिकाम्या शंखात शिरून राहणारा एक खेकडा असतो. शहरात अशाला भाडेकरू म्हणतात. तो आत असला तर थोड्या वेळाने एक पाय दिसतो, मग देठावरचे दोन डोळे. असा शंख पोरं पाण्यात परत ठेवतात. आत कुणी असलं तर न्यायचं नाही, हा नियम. नियमाला अपवाद नाही आणि त्यावर अपीलही नाही.

साहेब शंख हातात घेत, वजन बघत, आणि पिशवीत टाकत.

“काका, इचारलंत काय?”

“मला विचारावं लागत नाही. माणूस असो नाहीतर दगड, हातात घेतला की कळतो मला.”

“हलका असला की चांगला असतो वो.”

“हलका? पोकळ माल मला चालत नाही, बाळ. हा बघ. भरीव आहे.”

जुलेखाने बुवांकडे बघितलं. बुवा समुद्राकडे बघत होते.

पडवीत चटया घातल्या. पोरांनी शिंपल्यांचा ढीग ओतला, आणि भांडणाला आरंभ झाला. ज्या शिंपल्यांना लाटांनीच भोक पाडलेलं असतं त्यांना फार मागणी. उरलेल्यांना खिळ्याने भोक पाडायचं, आणि ते पाडताना निम्मे फुटतात. ओवायला तंगूस, म्हणजे गळाला लावतात तो नायलॉनचा दोरा.

“माझी बघा! माझी सगळ्यात लांब!”

“लांब काय करायची? माझी वाजते.”

“तुझी वाजते कारण तुझी तुटकी हाय.”

“तुटकी असू दे. वाजते ना?”

अहंकाराचा इतका उघड बाजार साहेबांनी पूर्वी पाहिला नसावा. ते जरा दूर सरकून बसले. त्यांनी गाडीतून स्वतःची हत्यारपेटी आणली होती. तिच्यातून हातगिरमिट काढलं आणि शंखांच्या कडेला एकसारखी भोकं पाडली. एकही शंख फुटला नाही. मग लहानापासून मोठ्यापर्यंत, आणि पुन्हा मोठ्यापासून लहानापर्यंत. मध्यभागी तीन टपोरे, भरीव, पिवळसर शंख.

खोटं का बोलावं, माळ देखणी होती. पोरंसुद्धा भांडणं सोडून बघायला आली.

“काकांनी भारी केली,” बाबल्या म्हणाला. बाबल्या सहसा कुणाला भारी म्हणत नाही.

साहेब काही बोलले नाहीत. न बोलण्याचाही त्यांना चांगला सराव होता. त्यांनी माळ अर्जावर ठेवली आणि दोन्ही बुवांसमोर सरकवली.

तेवढ्यात जुलेखा आली आणि तिने स्वतःची माळ बुवांच्या गळ्यात घातली. तिच्यात चार शिंपल्या, खेकड्याची एक सुकलेली नांगी आणि सोड्याच्या बाटलीचं गंजलेलं बूच होतं. बूचही समुद्रातूनच आलंय, असं तिचं म्हणणं.

बुवा ताठ बसले. मान वळवून माळ सगळ्यांना दाखवली. बूच पुढे येईल अशी सारखी केली.

“बघा,” ते साहेबांना म्हणाले. “आहे का तुमच्याकडे असली?”

साहेब गोंधळले. “बुवा… आपल्याला या माळेचा… अभिमान आहे?”

“भयंकर.”

“पण मी तर ऐकलं होतं, की…”

“मीही ऐकलंय,” बुवा म्हणाले, आणि जेवायला उठले.

जेवायला भात आणि कुळथाचं पिठलं. माळा पडवीतच राहिल्या, चटईवर. आम्ही हात धुऊन आलो तेव्हा साहेबांचा अर्ज जागेवर होता. माळ नव्हती.

“माझी माळ कुणी घेतली?” साहेबांचा आवाज पूर्वीच्या हुद्द्यावर गेला. “मी विचारतोय, कुणी घेतली?”

बाबल्याने बोट दाखवलं.

माळ चटईच्या काठावर होती. ती हलत होती. मधल्या तीन शंखांना पाय फुटले होते. तिघांची तोंडं तीन दिशांना असल्यामुळे माळ आधी जागच्या जागी थरथरली, एखाद्या समितीसारखी. मग कशावर कोण जाणे, पण त्यांचं एकमत झालं, आणि माळ पडवीच्या पायऱ्यांकडे निघाली. समुद्र त्याच बाजूला आहे.

साहेब बघतच राहिले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. वाटलं, आता काहीतरी गळून पडणार. एक क्षण तसं झालंही असेल…

मग साहेबांनी छाती भरून श्वास घेतला.

“बुवा! बघितलंत? माझ्या हातून प्राणप्रतिष्ठा झाली!”

बुवांना ठसका लागला. पाणी द्यावं लागलं.

“प्राणप्रतिष्ठा कसली, काका?” जुलेखा रडवेली होऊन म्हणाली. “त्यांच्या घरांना भोकं पाडलीत तुम्ही!”

तिने दाताने तंगूस तोडला, तिन्ही शंख ओच्यात घेतले आणि ती पळाली. मागून पोरं. पोरांच्या मागून, आश्चर्य म्हणजे, साहेब.

मी पोचलो तेव्हा ते गुडघाभर पाण्यात उभे होते. विजारीच्या घड्या केव्हाच सुटल्या होत्या. दोन खेकडे पाण्यात गेले होते. तिसरा शंख जुलेखाने साहेबांच्या तळहातावर ठेवला होता.

“आता इचारा.”

“आता विचारून काय उपयोग? आत आहे हे कळलंच की.”

“तरी इचारा.”

साहेबांनी इकडेतिकडे बघितलं. मग मान खाली घातली, शंखाच्या तोंडाशी तोंड नेलं, आणि हळूच ऊब सोडली. काय बोलले ते ऐकू आलं नाही.

बराच वेळ काही नाही… मग एक पाय. मग दोन डोळे.

“माझ्याकडे बघतोय,” साहेब कुजबुजले.

“तुम्ही इचारलंत ना. मग बघणारच.”

“एवढ्याशा घरात भागतं याचं?”

“नाय भागत. वाढला की आपणच भायेर पडतो. मोठं घर बघतो.”

“आणि हा शंख?”

“मग तो रिकामा. मग आमी नेतो.”

साहेबांनी शंख पाण्यात ठेवला. घाई केली नाही.

उन्हं उतरल्यावर ते बुवांसमोर येऊन बसले. बूट फाटकाशी वाळत होते. विजार मिठाने पांढरी झाली होती. पोरं आपापल्या माळा घालून घरी निघाली होती. कुणाची माळ मोठी हा वाद रस्त्यावरून ऐकू येत होता.

“बुवा, एक खरं सांगू?”

“सांगा.”

“रिटायर झाल्यापासून मला घरात कुणी काही विचारत नाही. टाकी साफ करायची तरी मुलगा परस्पर माणूस बोलावतो. मी… धरण बांधलेला माणूस. मी तिथेच बसलेला असतो. कुणी म्हणत नाही, बाबा, काय करू या?” ते थांबले. “म्हणून आलो. बाकी अर्जात लिहिलंय ते… ते नमुन्यावरून लिहिलंय.”

बुवा उठले. साहेबांच्या अगदी जवळ जाऊन बसले. त्यांची हनुवटी दोन बोटांनी जरा वर केली, कानाशी तोंड नेलं, आणि हळूच ऊब सोडली.

“घरात कुणी आहे का?”

साहेबांचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांनी कुणीतरी विचारलं होतं. ते ताठ झाले.

“आहे ना! मी आहे! माधव यशवंत सरंजामे!”

बुवांनी हनुवटीवरची बोटं अलगद काढून घेतली.

“मग नाही नेता येणार,” ते म्हणाले.

…

साहेब काही बोलले नाहीत. या वेळचं न बोलणं सरावाचं नव्हतं. त्यांनी ओले बूट हातात घेतले. जाताना मला म्हणाले, “भाऊसाहेब, अर्जाचा निकाल लेखी कळवा.”

पुढच्या रविवारी पोरं शिल्लक शिंपल्यांची कानातली करत होती. फाटकाशी कुणीतरी खाकरलं.

“घरात कुणी आहे का?”

आवाज हळू होता. बूट हातात होते. दुसऱ्या हातात मोठाली पिशवी. पोरांसाठी बारीक गिरमिटं आणली होती, प्रत्येकाला एक.

“काकाऽ! या! माझ्यापाशी बसा!”

“त्याच्यापाशी नको, तो नखं खातो! माझ्यापाशी!”

साहेब जुलेखापाशी बसले. तिने एक शिंपला पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला, गिरमिट लावायच्या आधी तोंडाशी नेला, आणि विचारलं. शिंपला उघडा, सपाट आणि अर्धा फुटका होता. त्यात कुणी असणं शक्यच नव्हतं. पण पोरांपैकी कुणी हसलं नाही.

मग साहेबांनी घसा साफ केला आणि सगळ्यांना सांगितलं, की विचारण्याची योग्य पद्धत त्यांना आता पूर्ण अवगत झालेली आहे, आणि कुणाला शंका असल्यास ती साहेबांनाच विचारावी.

मी आत जाऊन बुवांसमोर अर्ज ठेवला. पेन उघडलं.

“काय लिहू? नामंजूर?”

बुवा गळ्यातल्या बुचाचा गंज अंगठ्याने पुसत होते. गंज जात नव्हता; त्यांना तो घालवायचाही नसावा. बाहेरून साहेबांचा समजावण्याचा आवाज येत होता, चढत चाललेला.

“नामंजूर कशाला, भाऊसाहेब? वाढतोय तो अजून.”

सबब, अर्ज प्रलंबित आहे.