किराइताची बाटली

"मग कडूपणा गेला कुठे?" मालतीबाईंनी विचारलं.

उन्मेष गवसनं आणलेली काचेची बाटली ओसरीवर दोघांच्या मधे होती. आत किराईत या तापावरच्या कडू वनस्पतीच्या पेशींचा पिवळसर, गुबगुबीत गोळा. मूळ नाही, पान नाही. साखर आणि क्षारांच्या पाण्यावर पोसलेल्या नुसत्या पेशी.

बाईंनी त्याला वनस्पतिशास्त्र शिकवलं होतं. आता तो एका संशोधन केंद्राचा संचालक होता, आणि बाई निवृत्त होऊन आजऱ्याजवळच्या खेड्यात राहत होत्या. जंगलातलं किराईत न उपटता, बाटलीत वाढवलेल्या पेशींपासून तापावरची गोळी करायची, हा त्याचा प्रकल्प. गोळ्या सरकारी दवाखान्यांत जायच्या होत्या. तपासणी समितीत बाईंचं नाव होतं. त्यांची सही तेवढी राहिली होती.

पेशींची वाढ दुप्पट झाली, हे त्यानं दोनदा सांगितलं. फोटो छापून आले होते. किराइताचं औषध असतं कडूपणात; पण चव कोणी विचारली नव्हती.

"खायला काय घालतोस त्यांना?"

"सगळंच. नत्र, स्फुरद, साखर. संपायच्या आत नवं देतो."

"मग?"

"वाढतात."

"आणि औषध?"

"...नावाला."

भरल्या पोटी पेशी नुसती फुगते, बाई म्हणाल्या. नत्र आणि स्फुरद तोडलं की वाढ थांबते, आणि मग कुठे ती औषध करायला लागते. हे दुसऱ्या वर्षालाच शिकवलं होतं की तुला.

"ठाऊक आहे, बाई. एक बाटली उपाशी ठेवली होती."

"उतरलं औषध?"

"उतरलं."

"कुठे आहे ती?"

"फेकली. आटली होती, काळपट दिसत होती. मंत्री बघायला यायचे होते. आमचं अनुदान वजनावर ठरतं, बाई. कडूपणावर नाही."

"आणि तापानं फणफणलेल्या माणसानं काय घ्यायचं? वजन?"

पुढच्या खेपेला सुधारणा करू, असं तो म्हणाला. आत्ता सही झाली तर बाईंच्याच विद्यार्थ्याचं नाव होईल, असंही म्हणाला. अगदी शांतपणे. अशा गोष्टी नेहमी शांतपणेच बोलल्या जातात.

त्यानं मंजुरीचा कागद पुढे केला.

बाई उठल्या. पायरीच्या दगडांच्या फटीत एक किराईत उगवलं होतं. खत नाही, पाणी आठवलं तर. वीतभर उंचीचं, खुरटलेलं. त्याची दोन पानं त्यांनी खुडली. एक स्वतःच्या तोंडात टाकलं, दुसरं त्याच्या हातावर ठेवलं.

"चाव. मग सहीचं बोलू."

त्यानं चावलं. चेहरा आक्रसला, डोळ्यांत पाणी आलं. बाईंसमोर थुंकता येईना, म्हणून गिळलं.

बाई आपलं पान सावकाश चावत होत्या.

"बाई... थोडी साखर द्या."

बाईंनी सही न करताच तो कागद घडी करून बाटलीखाली दाबला, आणि बाटली त्याच्यापुढे सरकवली.

"घे साखर. हिच्यात दुसरं काही नाही."