पाना न लागलेली गाडी

“म्हणजे तेरा वर्षांत हिच्या इंजिनाला कुणाचा पानाच लागला नाही म्हणतोस?”

बंदेनवाज मिस्त्रींनी बॉनेट वर केलं आणि आत डोकावून पाहिलं.

“नाही म्हणजे नाही, वस्ताद!” भूपालनं छाती पुढं काढली. “ऑइलचा नट सोडला तर एक बोल्ट हललेला नाही. कंपनीचा रंग जसाच्या तसा. टॉर्च लावून बघा की!”

मिस्त्रींनी टॉर्च लावला नाही. नुसतं म्हणाले, “हं...”

भूपाल त्यांचाच चेला. नऊ वर्षं त्यांच्या गॅरेजात हात काळे केले, मग कोल्हापुरातच जुन्या गाड्यांचा धंदा थाटला आणि बघता बघता नाव काढलं. या धंद्याची एक रीत आहे. जाणतं गिऱ्हाईक आधी बोल्टची डोकी बघतं. डोक्यावरचा रंग उडालेला दिसला की समजायचं, गाडीला पाना लागलाय, म्हणजे काहीतरी बिघडलं होतं. भाव पडला! रंग शाबूत असला की गाडी एक नंबर. भूपालइतकी बोल्टची डोकी जिल्ह्यात कुणी बघितली नसतील. हे तो स्वतःच सगळीकडं सांगत सुटायचा, ते सोडा.

आजची गाडी मात्र गिऱ्हाइकासाठी नव्हती. धाकट्या बहिणीसाठी होती. त्रिशला नर्स. तिची बदली घाटाखालच्या दवाखान्यात झालेली. रोज सकाळी घाट उतरायचा, संध्याकाळी चढायचा, आणि शेजारच्या सीटवर पाच वर्षांची लेक. अकरा वाजता ती गाडी न्यायला इथंच यायची होती. त्याआधी वस्तादांनी एकदा मान डोलवावी, एवढीच भूपालची इच्छा.

“खर्च काय आहे हिला?”

“पेट्रोल. आणि वर्षातनं एकदा ऑइल. बास!” भूपालनं चुटकी वाजवली. “परवाच आईला घेऊन बाहुबलीच्या डोंगरावर जाऊन आलो. हूं नाही की चूं नाही. शोधून सापडायची नाही असली गाडी.”

“हं...”

“हं काय, वस्ताद? एकदा म्हणा की चांगली आहे!”

मिस्त्रींनी खिशातून दहा नंबरचा पाना काढला.

भूपाल दचकलाच. “अहो, काय करताय? रंग उडंल!”

“उडू दे.”

“भाव पडंल ना, वस्ताद!”

मिस्त्रींनी मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. “बहिणीला विकणार आहेस?”

...

भूपाल मागं सरला. पहिला बोल्ट कट् करून सुटला, तेव्हा त्यानं डोळे मिटून घेतले. वाईट सवय हो, दुसरं काय!

इंजिनाच्या कडेचं काळं झाकण निघालं. आत रबरी दात असलेला पट्टा होता. टायमिंग बेल्ट. या एका पट्ट्यावर अख्खं इंजिन तालात फिरतं. ठरावीक वर्षांनी तो बदलायचाच असतो. पण बदलायचा म्हणजे झाकण काढायचं, आणि झाकण काढायचं म्हणजे पाना लावायचा.

“हात पुढं कर.”

भूपालनं तळहात पुढं केला.

मिस्त्रींनी पट्ट्यावर अंगठ्याचं नख ओढलं. जोर लावला नाही, सहज ओढलं.

दोन दात निघून भूपालच्या तळहातावर पडले.

“अगं आई गं...” एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

मिस्त्रींनी पट्टा बोटानं जरा मुरडला. आतले दोरे बाहेर आलेले होते. निम्मी रुंदी तर झिजूनच गेली होती.

“तुटला असता तर?” मिस्त्रींनी विचारलं.

“वस्ताद...”

“सांग. मीच शिकवलंय तुला.”

“इंजिन जागेवर बंद.” भूपाल तळहातावरच्या दातांकडं बघत म्हणाला. “स्टिअरिंग जड. ब्रेक... दोनदा दाबला की दगड, दबतच नाही.”

“कुठं?”

गॅरेजच्या दारात एक जुना टायर पडला होता, त्यावर भूपाल मटकन बसला.

“कुठं, भूपाल?”

“घाटात...”

भूपालच्या डोळ्यांपुढं परवाचा डोंगर आला. वळणं घेताना तो शीळ घालत होता, आणि मागं आई जप करत बसली होती.

“मी बदलतो, वस्ताद! आत्ता पट्टा आणतो. दुपारपर्यंत बसवतो!”

“पट्टा बसवशील.” मिस्त्रींनी बॉनेटवर हात ठेवला. “तेरा वर्षांत कुणी न बघितलेलं आत आणखी काय काय आहे, सांगतोस?”

...

तेवढ्यात रिक्षा थांबली. त्रिशला उतरली. खांद्याला पर्स, हातात पेढ्यांचा पुडा. गाडी न्यायची म्हणून हौसेनं आणलेला. भावाचं तोंड बघून ती दारातच थबकली.

“दादा, काय झालं रे? कुणी गेलं का?”

भूपालनं मूठ उघडली. तळहातावरचे ते दोन काळे तुकडे तिला काय कळणार!

“माझ्या हातानं... तुला आणि पोरीला मी माझ्या हातानं...” भर गॅरेजात, एवढा मोठा व्यापारी, हमसून हमसून रडला.

त्रिशला त्याच्याशेजारी खाली बसली. पेढ्यांचा पुडा तिथंच राहिला.

मिस्त्री वळले. खुंटीवरची किल्ली काढली आणि तिच्या हातात ठेवली.

किल्ली त्यांच्या स्वतःच्या गाडीची होती. मागच्या अंगणात उभी असायची. सव्वीस वर्षांची पांढरी गाडी, डावं दार निळं. तिच्या एका बोल्टवर रंग शिल्लक नव्हता. दर महिन्याला तिचं काहीतरी निघायचं. कधी ब्रेकचे लायनर, कधी पाण्याचा पाइप, कधी बेअरिंग. “वस्ताद, हिच्यापरीस म्हैस पाळा, निदान दूध तरी देईल,” असं भूपाल येता-जाता म्हणायचा, आणि वस्तादही हसायचे. आज कुणी हसलं नाही.

“ही घेऊन जा, पोरी. तुझ्या भावाची गाडी मी पुरती खोलणार. महिना लागेल.”

त्रिशलानं मागं जाऊन ते निळं दार पाहिलं. परत आली आणि हातातली किल्ली पाहिली. तिच्या लेकीला याच गाडीत बसायचं होतं. तिला राहवलं नाही.

“चाचा, राग मानू नका... पण ही भरवशाची आहे ना?”

भूपालनं डोळे पुसत मान वर केली.

“नाही, पोरी,” मिस्त्री म्हणाले. “म्हणून तर रोज बघतो.”