चाळीस दिवसांची दवंडी

कुठल्याशा राज्यात, नदीच्या काठाला कोंडाबाई नावाच्या बाईची द्राक्षाची बाग होती. द्राक्षं पिकली की नदीपलीकडच्या मुलखातले तोडकरी नावेतून यायचे. घड देठाला धरून अलगद कापायचे, मण्याला बोटही लागू द्यायचे नाहीत. पंधरा दिवसांत बाग मोकळी करून परत जायचे. सगळं सुरळीत चाललं होतं. पण सुरळीत चाललेलं दरबाराला बघवतंय थोडंच!

प्रधानाने नवा नियम काढला. परमुलखातला माणूस कामाला आणायचा तर आधी गावात चाळीस दिवस दवंडी पिटायची. आपल्यातलं कुणीच आलं नाही, तरच परवाना.

कोंडाबाई धावत दरबारात गेली. "महाराज, द्राक्षं चाळीस दिवस वेलीवर कशी थांबतील?"

"नियम सगळ्यांना सारखा," प्रधान म्हणाला.

"मग बरोबर आहे," राजा म्हणाला. झालं, लागला निकाल!

दवंडी सुरू झाली. नवव्या दिवशी एक गडी उगवला, प्रधानाचाच मेहुणा. त्याने घड मुठीत धरून ओढले, निम्मे मणी फुटले. दुपारी "कंबर गेली माझी" म्हणत जो घरी गेला तो पुन्हा फिरकलाच नाही. आणि ऐका पुढचं! दरबारातून हुकूम आला, "आपल्यातला माणूस मिळाला होता. सबब दवंडी पुन्हा पहिल्या दिवसापासून."

कोंडाबाईने कपाळावर हात मारून घेतला. ती आणि तिचा नवरा किती तोडणार? बाकीची द्राक्षं वेलीवरच सडली. पलीकडच्या काठावर तोडकरी वाट बघून बघून कंटाळले आणि तिकडच्याच एका बागेत कामाला लागले.

शेवटी शिपाई शिक्कामोर्तब केलेला परवाना घेऊन आला. कोंडाबाई हातात कुऱ्हाड घेऊन बागेत उभी होती.

"आता कशाला रे बाबा?" ती म्हणाली. "तोडायच्या फक्त वेली राहिल्यात. त्या माझ्या मी तोडते."

पुढच्या वर्षी राजाच्या ताटात द्राक्षं आली.

"वा! कोंडाबाईच्या बागेतली का?"

"नाही महाराज, तिची बाग गेली. ही नदीपलीकडची."

"मग यांच्यासाठी चाळीस दिवस दवंडी नाही पिटली?"

"छे छे! तो नियम फक्त माणसांना आहे," प्रधान म्हणाला.

राजाला तोंडातलं द्राक्ष गिळवेना.

आता तात्पर्यही मीच सांगू? बरं, घ्या: ज्याला पिकाची घाई कळत नाही, त्याने पिकाचे नियम करू नयेत.