पारोसा देव

“...मग ब्लॉग बंदच करून टाकू का, तात्या?”

तात्या धापा टाकत भैरोबाच्या पायऱ्या चढत होते. धोतराला शेण लागलेलं, हातात पाण्याचा तांब्या. सूर्य माथ्यावर आला होता आणि गाभाऱ्यातला देव अजून कालच्याच फुलांत बसून होता.

हेमांगी मागोमाग चढत बोलतच राहिली. सासरी, तालुक्याच्या गावी, ती औषधांच्या दुकानात कामाला होती. माहेरी आली की या टेकडीवर यायची. भिकूतात्या इथले गुरव. शेचाळीस वर्षं देवाची रोजची पूजा त्यांच्याच हातची. सुतकाचे दिवस तेवढे भावकी बघायची. एरवी त्या तांब्याला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला गावाने पाहिला नव्हता.

“आधी ब्लॉग म्हंजी काय, ते तर सांग.”

“मोबाइलमधली वही. कुणीही उघडून वाचावी अशी. पाडव्याला मी जगाला सांगून बसले, वर्षभर रोज लिहीन म्हणून. तेवीस दिवस लिहिलं. मग सासूबाई पडल्या, मुलांच्या परीक्षा आल्या, दुकानातली बाई रजेवर गेली... आज चाळीस दिवस झाले, एक अक्षर नाही. तात्या, लिहिते तेवढाच वेळ मी माझी असते. बाकी दिवसभर सगळ्यांची.”

“मग लिही की.”

“लिही की! निवांत दोन तास लागतात त्याला. कसंतरी खरडलेलं मी लोकांपुढे ठेवत नाही.”

हे ती जरा मान वर करूनच म्हणाली. तिचं लिखाण चांगलं होतं, आणि ते चांगलं असल्याचं सगळ्यांच्या आधी तिलाच कळलं होतं.

“नाव काय तुझ्या वहीचं?”

“चार ओळी.”

“आन् लिहितीस किती?”

“...हजारेक शब्द.”

तात्या गाभाऱ्यात शिरले.

हेमांगी उंबऱ्याबाहेर ऐसपैस बसली. जत्रेतली तात्यांची पूजा तिने पाहिली होती. शेंदूर, चांदीचे डोळे, नुसता फेटा बांधायलाच अर्धा तास. आता तासाभराची निश्चिंती, असं तिने धरलं.

तात्यांनी कालची फुलं काढली. तांब्याभर पाणी देवाच्या डोक्यावर घातलं. बेलाचं एक पान ठेवलं. हात जोडले. कालची फुलं उचलून बाहेर आले.

“झाली?”

“झाली.”

“ही पूजा?” हेमांगी उठूनच उभी राहिली. “फेटा नाही, हार नाही. सगळं गाव तुमच्या पूजेचं कौतुक करतं, ती ही?”

“म्हस व्यायाला अडलीया सकाळपासनं. भाकर खायाबी सवड न्हाई.”

“मग संध्याकाळी सावकाश करायची होती.”

“आन् तवर?”

“तोवर काय?”

तात्यांनी गाभाऱ्याकडे मान केली.

“तवर देव पारोसा ऱ्हातो की, पोरी.”

पारोसा... हेमांगीची आई याच शब्दाने तिला चुलीपासून हाकलायची. अंघोळ न केलेलं पोर पारोसं, त्याने कशाला शिवायचं नाही. डोक्यावरून एक तांब्या ओतून घेतला की झालं, मग आई काही विचारायची नाही.

ती हळू आवाजात म्हणाली, “आज राहिलेली आरास उद्या दुप्पट करणार?”

“उद्या उद्याची.”

“आणि माझे चाळीस दिवस?” तिने मोबाइल पुढे केला. “यात अकरा अर्धवट नोंदी पडल्यात. त्या पुऱ्या केल्याशिवाय नवं कसं लिहू...”

तात्यांच्या डाव्या हातात कालची फुलं होती. ती त्यांनी पायरीलगतच्या जास्वंदीच्या आळ्यात टाकली, हात झटकले आणि म्हशीकडे धूम ठोकली.

हेमांगी पायरीवर बसली. कोरं पान उघडलं. अडलेली म्हैस, तांब्याभर पाणी, बेलाचं एक पान. मोजून चार ओळी. पुन्हा वाचूनही न बघता तिने त्या धाडून दिल्या, आणि तिला एवढा आनंद झाला की ती एकटीच हसली.

मग ती थांबली नाही. कधी कुकरच्या तिसऱ्या शिट्टीच्या आत, कधी डॉक्टरांच्या दारातल्या बाकावर. एका दिवशीची नोंद तर एवढीच होती: “आज पाहुणे. पोहे संपले. मी आहे.” रविवारी सवड मिळाली तर हजार शब्दही व्हायचे. सासूबाईंनी या उद्योगाची कधी चौकशी केली नव्हती. आता रोज सकाळी चष्मा पुसत त्याच विचारू लागल्या, “आजचं आलं का गं?”

वर्ष उलटलं. हेमांगी पुन्हा टेकडीवर आली, ती जवळजवळ पळतच.

“तात्या, वर्ष झालं! एका दिवसाचा खंड नाही!”

तात्या पायऱ्या चढत होते. धोतराला शेण, हातात तांब्या. वर्षाची बातमी त्यांनी ऐकलीच नसावी.

“आजची झाली?”

“दूध उतू जायच्या आत झाली!”

तात्या थांबले. हसले. त्यांना हसताना ती पहिल्यांदाच बघत होती.

तेवढ्यात टेकडीखालून म्हशीचं रेकणं ऐकू आलं. तात्यांनी एकदा खाली पाहिलं, एकदा गाभाऱ्याकडे... आणि तांब्या हेमांगीच्या हातात दिला.

पाणी तिच्या मनगटावर सांडलं. तिचे डोळे भरून आले.

“मी? तात्या, मला फेटा बांधता येत नाही, आरास येत नाही. मी काय करू?”

तात्या दोन पायऱ्या उतरलेसुद्धा होते.

“घाल पानी. मला म्हशीकडं जायाचंय.”