महाराज निघाले जत्रेला

“मला जत्रेला जायचंय, पण गर्दी अजिबात नको!” राजे उदाजीराव कडाडले. “आणि खबरदार, एकालाही हाकलायचं नाही! पिपाण्या, गलका, जिलब्या, सगळं हवं. यंदा पाळण्यात बसायला मिळालं नाही, तर जत्रा कायमची बंद!”

गेल्या वर्षी महाराज वेशीवरच गर्दीत अडकले होते. तो राग वर्षभर छान मुरला होता.

दरबारात बुद्धीला नुसता पूर आला. राजज्योतिषांनी भर उन्हातला मुहूर्त काढला. सेनापतींनी गर्दी आवरायला हजार शिपाई न्यायचं सुचवलं. म्हणजे गर्दीत तेवढीच भर! दिवाणजींनी तर “विचार चालू आहे” असं इतक्या गंभीरपणे सांगितलं, की काहींना ते खरंच वाटलं.

पाळणा उभारायची परवानगी मागायला आलेली पाळणेवाल्या हैबतीची लेक येसू दाराशी ऐकत होती. जत्रा बंद म्हणजे घरची चूल बंद! ती पुढे झाली.

“सरकार, मी नेते तुम्हाला. फक्त तुमचा मेणा, छत्र, वाजंत्री आणि दिवाणजी मला द्या.”

“आणि मी?”

“घोंगडी पांघरून माझ्यामागून चालत या.”

“चालत?” दिवाणजी किंचाळले.

“तुम्ही नका घाबरू, दिवाणजी. तुम्हाला मेण्यात बसायचंय!”

जत्रेच्या दिवशी वेशीतून मेणा निघाला. पडदे सोडलेले, छत्र धरलेलं, पुढे ताशे. “सरकार आले!” अशी आरोळी उठली आणि अख्खी जत्रा तिकडे धावली. ओढ्याकडच्या वाटेने येसू घोंगडीवाल्या महाराजांना घेऊन आली. पाळणा रिकामा! जिलबीवालाही रिकामा!

महाराज पाळण्यात बसले, तोंडात गरम जिलबी, आणि येसू पाळणा फिरवू लागली. वर गेल्यावर त्यांना वेस दिसली. मेण्याभोवती मुंगीला वाट नव्हती, आणि आया आपापली रडकी पोरं आशीर्वादासाठी पडद्याआड दिवाणजींच्या मांडीवर टाकत होत्या.

खाली येताच ते म्हणाले, “कमाल आहे, पोरी! माझ्या वाटेतली गर्दी गेली कुठे?”

“जाणार कुठे, सरकार? ती नेहमी तुमच्याबरोबरच फिरते. आज तुम्ही तिला दिवाणजींबरोबर पाठवलंत!”

महाराज इतके हसले, की पाळणा करकरला. हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी येसूला दिलं. “जत्रा दरसाल भरेल, आणि पाळणा तुमचाच!”

“आता दिवाणजींना सोडवायचं ना, सरकार?”

“घाई कसली? अजून एक फेरा दे!”