खेचरवाल्याने पळवलेले पाहुणे

माणसं डोंगराला विचारून वर चढत होती, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट. आफ्रिकेच्या पूर्वेला, ढगांना टेकलेलं एक गाव होतं. जमीन खडकाळ, सातू पिकायचा तोही जेमतेम. पण कड्यावरून दिसणारी दरी अशी, की ती बघायला लांबलांबचे प्रवासी येत. त्यांना वर आणायचं, जेवू घालायचं, निजायला घोंगडी द्यायची. त्याबद्दल ते जे पैसे देत, त्यावर गावाच्या चुली पेटत.

पाहुणे पाळीपाळीने एकेका घरी उतरत. आज या घरचा मान, उद्या शेजारच्या.

गावात एक खेचरवाला होता. माणूस वाईट नव्हता हं! पण बायको अंथरुणाला खिळलेली, पोरं उपाशी, आणि त्याच्या घरचा मान यायला अजून बराच अवकाश. कुणापुढे तोंड उघडायची त्याला लाज वाटे.

एके दिवशी डोंगराच्या पायथ्याशी त्याला काही प्रवासी भेटले. त्या दिवशीचा मान कड्याजवळ एकटी राहणाऱ्या म्हातारीचा होता. ‘एकट्या जिवाला असं लागतं तरी किती?’ त्याने मनाची समजूत घातली. कुणी बघू नये म्हणून नेहमीची वाट सोडली आणि प्रवाशांना मागच्या अवघड वाटेने आपल्या घराकडे नेऊ लागला.

अर्ध्या वाटेवर धुकं उतरलं. स्वतःचा हात दिसेना!

आता त्या डोंगरावर धुक्याला एकच उपाय होता. पाहुणे वाटेवर असले, की घराघरांतून कुणीतरी दारात उभं राहून हाळी देई. त्या आवाजाच्या रोखाने माणूस सुखरूप वर पोचे. पण आज हाळी देणार कोण? पाहुणे आलेत हे गावाला ठाऊकच नव्हतं.

खेचराचा पाय घसरला. एक दगड सुटला, तो खाली पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

“काका, वाट माहीत आहे ना?” एका प्रवाशाने घाबरून विचारलं.

खेचरवाला पेचात पडला. ओरडावं तर चोरी उघडी पडणार, गप्प राहावं तर या बिचाऱ्यांचे जीव जाणार. शेवटी तो जिवाच्या आकांताने ओरडला.

“कोण रे ते?” वरून म्हातारीचा आवाज आला.

“मी आहे, आजी! तुझे पाहुणे आहेत बरोबर!”

“हलू नकोस मेल्या, तिथेच थांब!”

म्हातारीने शेजाऱ्याला हाक घातली, शेजाऱ्याने पुढच्याला. बघता बघता सगळा डोंगर हाळ्यांनी दणाणला. त्या आवाजांच्या आधाराने एकेक पाऊल टाकत सगळे म्हातारीच्या दारी पोचले.

खेचरवाल्याने सामान उतरवलं. त्याची मान वर होईना. “आजी, चुकलं माझं. पळवत होतो यांना. घरात दाणा नाही गं.”

“अरे, मग सांगायचंस ना! आजचा मान तुला दिला असता की मी. तोंड शिवलं होतं का तुझं?” म्हातारी कडाडली. मग आत गेली. पाहुण्यांसाठी तिने आपली एकुलती एक कोंबडी शिजवली. त्यातला निम्मा रस्सा तिने भांड्यात ओतला. “जा, पोरं वाट बघत असतील.”

खेचरवाला ओक्साबोक्शी रडला.

गावाने त्याचा पुढचा मान काढून म्हातारीला दिला. चूक ती चूकच! पण त्याची बायको उठून हिंडूफिरू लागेपर्यंत रोज कुणा ना कुणाच्या घरून त्याच्याकडे भाकरी जात राहिली.

तेव्हा लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: ज्यांच्या आधारावर आपण चालतो त्यांच्या वाट्याचं चोरू नये, अडचण असेल तर त्यांनाच मोकळेपणाने सांगावी.